प्रीमियम पेट्रोल भरलं की ॲव्हरेज वाढतं का?

प्रश्न : माझी २०१४ ची छोटी पेट्रोल कार आहे. पहिले १८ चं ॲव्हरेज द्यायची, आता १५ वर आली. पंपावर प्रीमियम भरा म्हणतात, लिटरमागे आठ रुपये जास्त. भरू का?
– एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : नका भरू. प्रीमियम म्हणजे सहसा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, पण ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल आपोआप पेटू नये, याचं ते माप आहे. साधी, बिनटर्बोची (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) गाडी ९१ ऑक्टेनवर नीट चालते. त्याहून जास्त ऑक्टेन तिच्या कामाचं नाही. हिशोब पाहा. साधं १०५ आणि प्रीमियम ११३ रुपये धरलं, तर खर्च नुसता बरोबरीत यायलाच १५ चं ॲव्हरेज १६.१ व्हावं लागेल. ते होणार नाही.

आता घट कुठून आली ते शोधू. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पेट्रोलमधलं इथेनॉलचं मिश्रण १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलं, त्याने तीन-साडेतीन टक्के घट समजू शकते. म्हणजे १८ चे १७.४. तुमची घट जवळपास १७ टक्के आहे. बाकीचं गाडीत शोधायचं.

एअर फिल्टर आधी काढून उजेडासमोर धरा. कापसाच्या हंगामात पांदणीने गाडी नेली की काळ्या मातीची धूळ त्यात गच्च बसते. उजेड आरपार दिसत नसेल तर झटकत बसू नका, नवीनच टाका. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. ठिणगी पाडणाऱ्या प्लगची गॅप बघायला सांगा. गाडी जॅकवर घेऊन चाकं हाताने फिरवा, ब्रेक धरून राहत असेल तर ते लगेच कळतं. जुन्या गाडीत पेट्रोलच्या रबरी पाइपला तडे गेलेत का, हे तर बघाच. इथेनॉलने जुनं रबर खराब होतं, आणि तिथून गळालेलं पेट्रोल आगीला निमंत्रण आहे.

ॲव्हरेज डिस्प्लेवरून काढू नका. टाकी फुल करताना नोझल पहिल्यांदा आपोआप कट झाली की थांबा, ३०० किमी चालवा, त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. पेट्रोलबद्दल शंका असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यावर पेट्रोलचा थेंब टाका; तो उडून गेल्यावर डाग उरला, तर भेसळीची शंका घ्या.

प्रश्न : टर्बो पेट्रोल गाडी आहे. मे महिन्यात पाच जण बसून परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना इंजिन टकटक वाजतं.
– एक वाचक, अचलपूर

उत्तर : इथे मात्र प्रीमियमचा उपयोग होऊ शकतो. टर्बोचा दाब, वर ४४-४५ अंशांची हवा, त्यात चढ. अशा वेळी नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून टकटक वाजतं. सेन्सरला ते कळलं की गाडीचा कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि पिकअप पडतो. कंपनीच्या पुस्तिकेत ९५ ऑक्टेन लिहिलं असेल तर तेच भरा. चढावर वरच्या गिअरमध्ये रेटू नका, एक गिअर खाली घ्या. सपाटीवरही आवाज येत राहिला तर पेट्रोल बदलून भागणार नाही. इंजिनातला कार्बन आणि कूलंट तपासून घ्या.