गावचं जेवण जेवलं तर शुगरच्या गोळ्या बंद करता येतात का?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीकडे गावी असलेली तुमची आई, शुगर आणि बीपी दोन्ही असून, "पेज-पिठीचं जेवण हेच आमचं औषध" म्हणते आणि गोळ्या टाळते, तर तिचं कितपत खरं. मी डॉक्टर नाही हां, मालवणजवळ राहते, पण आमच्या बाबांनी अगदी हाच प्रकार केला होता म्हणून लिहितेय.

बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की नाचणी खाल्ली की शुगर मुळापासून जाते. झालं, सकाळ-संध्याकाळ नाचणीचं सत्त्व, दुधात, वर गूळ (गूळ नैसर्गिक ना!), आणि गोळ्या फडताळात. आम्हाला पत्ताच नाही, विचारलं की "माका काय एक होऊक नाय". मग रात्री चार-पाचदा लघवीला उठायला लागले तेव्हा तपासलं, तर तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी, ती टक्क्यांत मोजतात) सातवरून दहाच्या वर.

आता नाचणी वाईट का, तर अजिबात नाही, १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. पण सत्त्व कसं करतो बघा, भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, म्हणजे चोथा गुरांना आणि उरला तो बराचसा स्टार्च, तो भाकरीपेक्षा भरभर रक्तात चढणार. धान्य तेच, पण सत्त्व आणि भाकरी यात शुगरवाल्या माणसासाठी खूप फरक पडतो, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं, तोपर्यंत मीच त्यांना वाटीभर करून देत होते.

तुमच्या आईचं म्हणणं सगळं खोटं पण नाही. पेजेच्या उकड्या तांदळाचंच घ्या. भात सालासकट उकडतात त्यामुळे कोंड्यातलं बी-वन दाण्यात उतरतं आणि मग गिरणीतून काढला तरी बरंचसं टिकतं. हे बी-वन नसेल तर बेरीबेरी होतो, पाय लुळे पडतात. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरने बघितलं की नुसता पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या तशाच लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात, पुढे १९२९ ला त्याला नोबेल मिळालं. तर जिथे आजारच काहीतरी कमी पडल्याचा आहे तिथे जेवण हेच औषध, यात वादच नाही. पण शुगर तसला आजार नाही. पेज पोटाला हलकी खरी, पण मऊ शिजलेला भातच तो, शुगर वाढवणारच.

जेवणाने गोळ्या सुटतात असंही होतं, पण कसं ते ऐका. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, २०१७ ला छापून आला, त्यात शुगर होऊन सहा वर्षांच्या आतले लोक घेतले होते, त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरीचाच आहार, आणि वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यांची शुगर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. पण वजन पुष्कळ उतरवून, आणि गोळ्या थांबवल्या त्या डॉक्टरांनी, लोकांनी आपल्या मनाने नाही. उलटंही लक्षात ठेवा, काही गोळ्या चालू असताना कडक उपास केला तर शुगर एकदम खाली येते, तुमच्या आई संकष्टी वगैरे करत असतील तर आधीच विचारून घ्या.

बीपीचं तर आपल्याकडे फारच वाईट, कारण पेजेबरोबर काय असतं, खारातली मिरची, पापड, भाजलेला सुका बांगडा. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत म्हणजे सगळं मिळून चहाचा एक चमचा, ते आमच्याकडे न्याहारीलाच संपतं! सुकी मासळी दोन-तीनदा पाण्यातून काढली तर खारटपणा उतरतो, पण सगळा नाही.

आम्ही काय केलं तर गोळ्या परत चालू, सत्त्व बंद, भाकरी चालू, आणि ताटात कुळथाची पिठी दोन डाव, भात एक डाव. आधी बरोबर उलटं असायचं. ताजे बांगडे तळायच्या ऐवजी तिखलं. सोलकढी आहेच, तिच्यात मात्र साखर नाही आणि मीठ बेताचं.

आईशी वाद घालू नका, काही उपयोग नाही. शुगरचं मशीन आणा, एक दिवस पेजेनंतर दोन तासांनी बघा, एक दिवस भाकरी-पिठीनंतर, आणि आकडे त्यांनाच वहीत लिहू दे. मी महिनाभर बोलून बाबांना पटलं नव्हतं ते त्या वहीने आठवड्यात पटलं. सुका बांगडा तेवढा सुटलेला नाही, आठवड्याला एक असं ठरलंय आणि दुसरा ते शेजारी जाऊन खातात.