महाभियोग झाला, तरी खुर्ची शाबूत?

प्रश्न : रामबागेत पोहे खाताना आमच्यात जुंपली. ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग झाला, मग त्यांना हटवलं का नाही?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : अहो, अमेरिकेत महाभियोग म्हणजे नुसतं आरोपपत्र. तिथल्या संसदेचं कनिष्ठ सभागृह, म्हणजे प्रतिनिधिगृह, ते साध्या बहुमताने ठेवतं. खटला चालतो वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांची दोन-तृतीयांश मतं लागतात. २०२१ मध्ये ५७ विरुद्ध ४३ मतं पडली, म्हणजे दहा कमी. (तोवर साहेब पायउतारही झाले होते!) १८६८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन तर अवघ्या एका मताने वाचले. आपल्या राज्यघटनेतलं राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाचं कलम ६१ मला त्याहून कडक वाटतं: चौदा दिवसांची नोटीस, आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतं. गैरहजर राहणाराही राष्ट्रपतींच्याच पथ्यावर पडतो.