वाचक विचारतात : ध्रुवीय अस्वल किती लांबून दिसतं?

प्रश्न : जुलैत आम्ही दोघं मुंबईहून स्वालबार्डच्या (नॉर्वेची उत्तर ध्रुवाकडची बेटं) जहाजी सफरीला निघतोय. ऐरोलीच्या खाडीत बोटीतून फ्लेमिंगो पाहिलेत, एवढाच अनुभव. १०×४२ (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण घ्यावी का? रबरी बोटीत चढण्याचीही धास्ती वाटते.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी अंतराचं बोलू, सगळी तयारी त्यावरच ठरते. नॉर्वेच्या २०२५पासूनच्या नियमानुसार स्वालबार्डमध्ये अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं. १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. नुसत्या डोळ्यांना तो ठिपकाच. तरी दुर्बीण ८×४२च घ्या. १०×मध्ये हाताचा कंपही तेवढाच मोठा होतो, शिवाय डेकवर इंजिनाची थरथर असतेच. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद होण्याआधी एक फेरी मारा आणि दोन्ही दुर्बिणींतून लांबचा पक्षी पाहा, फरक लगेच कळेल.

तिथे पांढरं काही शोधू नका. बर्फ निळसर पांढरा असतो, अस्वल तुपासारखं पिवळट. दुर्बीण एका पट्ट्यावरून सावकाश डावीकडून उजवीकडे न्या, मग जरा खालचा पट्टा घ्या. पिवळा ठिपका दिसला आणि हलला नाही, तर मळका बर्फ समजून लगेच सोडू नका. सील श्वास घ्यायला जिथे वर येतो त्या भोकापाशी अस्वल तासन्‌तास निश्चल बसतं. गाइडला दाखवा.

जुलैत तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे अस्वल दिसल्याची घोषणा पहाटे तीनलाही होते. कपडे आणि बूट दाराशी तयार ठेवूनच झोपा. बुटांत तीन-तीन मोजे कोंबू नका. पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट लवकर गारठतात. वॉटरप्रूफ पँट बुटांच्या वरून सोडायची, आत खोचली तर बोटीतून किनाऱ्यावर उतरताना पाणी थेट बुटात.

रबरी बोटीत साधारण दहाजण बसतात. पिशवी पाठीवर, दोन्ही हात मोकळे. खलाशाचा पंजा धरायचा नाही, एकमेकांचं मनगटाच्या वर धरायचं. ओल्या हातमोज्यांतून पंजा निसटतो. पाय टाकल्यावर लगेच बसा आणि कडेच्या फुगीर नळीवरून सरकत जागेवर जा. चालकाला विचारल्याशिवाय उभं राहू नका. किनाऱ्यावर आधी बंदूकधारी गाइड पाहणी करतात. अस्वल दिसलं तर उतरणं रद्द, आणि ते योग्यच आहे.

कॅमेऱ्याची जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. केबिनमध्ये शिरण्याआधी बाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका. नाहीतर पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर धरतं तसं बाष्प भिंगावर धरतं.

जुलैअखेर जात असाल तर स्वालबार्डमधल्या आल्केफ्येले या पक्ष्यांच्या कड्याखाली अवश्य मान वर करून बसा. गिलेमॉट पक्ष्याची जेमतेम तीन आठवड्यांची पिल्लं पंख पुरते वाढण्याआधीच कड्यावरून समुद्रात उडी घेतात, बाप सोबत असतो. जमिनीवर पडलेल्या पिल्लाला मात्र कोल्हा गाठतो.