मी आईसारखीच होत चालले आहे का?

चाळिशीच्या आसपासच्या अनेक स्त्रिया मला हाच प्रश्न विचारतात आणि विचारताना त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा भीतीच अधिक असते. इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका शिक्षिकेच्या मनात ही भीती एका कादंबरीने जागी केली होती. त्यांची संमती घेऊन आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ही हकीगत लिहीत आहे.

कादंबरी होती गीतांजली श्री यांची १९९३ सालची 'माई'. आपण इंदूरकर मराठी माणसे हिंदीही तितक्याच सवयीने वाचतो, पण हे पुस्तक संपवून त्यांना दोन रात्री झोप लागली नव्हती. उत्तर भारतातल्या एका घरातली आजी, पडद्यात वावरणारी वाकलेली माई, मुलगी सुनैना, आणि माईला या घरातून सोडवायचेच असा ध्यास घेतलेली तिची मुले. माईचा दुबळा, वाकलेला कणा हे त्या कथेतले मोठे प्रतीक आहे.

"माझ्या आईचा कणा ताठ आहे," त्या म्हणाल्या, "पण ती जन्मभर ओट्यापाशी उभी राहून, सगळ्यांच्या शेवटी जेवली. आजीही तशीच. परवा मी पोळीच्या तुकड्याने कढीचे पातेले पुसत उभी होते, तर माझी आठ वर्षांची मुलगी म्हणाली, आई, तू बसून का नाही जेवत? मला घामच फुटला."

अशा वेळी मी घरातल्या तीन-चार पिढ्यांचा आराखडा काढायला सांगते. कुटुंब-समुपदेशनात पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढण्याची पद्धत आहे. त्यांनी आजी, आई, स्वतः आणि मुलगी अशी चार वर्तुळे भराभर काढली. पण आजी आणि आई या दोघींविषयी लिहिताना 'सोसले' याखेरीज दुसरा शब्द त्यांना सुचेना, आणि आजीचे लग्नात तांदळात लिहिलेले नाव आठवले तरी माहेरचे नाव काही आठवेना.

भेदरून वाचताना 'माई'मधली एक गोष्ट त्यांच्या हातून निसटली होती. मुले माईवर जीव टाकतात, पण तिला दुबळी ठरवूनच. तिचे स्वतःचे असे काही असेल, हे त्यांच्या ध्यानात फार उशिरा येते. कादंबरीच्या शीर्षकातही नाते आहे, नाव नाही. आईला आपण एकदा सोशिकपणाची मूर्ती करून टाकले, की आपल्याला धास्ती वाटत राहते ती त्या मूर्तीची, आणि खरी बाई दिसेनाशी होते.

मी त्यांना म्हटले, "आईंना 'तू का सोसलेस' असे विचारू नका, त्या प्रश्नात उत्तर आधीच ठरलेले आहे. उभे राहून जेवताना तू काय करायचीस, एवढेच विचारा."

आई म्हणाल्या होत्या, "रेडिओ ऐकायचे. दुपारी मामंजी झोपलेले असत, म्हणून फळीवरचा रेडिओ अगदी बारीक लावायचा. ताट घेऊन खाली बसले असते तर गाणे ऐकू आले नसते. तेवढा अर्धा तास मला कुणी हाक मारीत नसे." थोड्या वेळाने त्या पुढे म्हणाल्या, "पण भाजी संपलेली असायची, त्याचा राग यायचा गं."

हे शेवटचे वाक्य मी वहीत मुद्दाम टिपून ठेवले. आईच्या त्या अर्ध्या तासाचे कौतुक करताना तिच्या रिकाम्या भांड्याकडे डोळेझाक होता कामा नये. सवय आईकडून येते, पण तिच्यामागचे कारण बहुधा आपले स्वतःचे असते, आणि ते शोधावे लागते. या शिक्षिकेला रेडिओ ऐकायचा नव्हता. त्या उभ्या राहत, कारण सकाळचे तिन्ही डबे त्या एकट्याच भरत असत. त्यावर नवऱ्याशी बोलणे शक्य होते आणि त्या बोलल्या. आता दोन डबे तो भरतो. काही दिवशी त्या अजूनही उभ्यानेच खातात, पण त्याची धास्ती राहिलेली नाही.

चौथ्या भेटीला त्यांनी तोच कागद आणला. ग्वाल्हेरच्या एका म्हाताऱ्या मावशीला फोन करून आजीचे माहेरचे नाव मिळवले होते आणि तांदळातल्या नावाच्या वर ते लिहिले होते. आईच्या वर्तुळात जागा पुरली नाही, म्हणून पुढचा मजकूर कागदाच्या पाठीमागे गेला होता.