दिवेलागणीनंतरचा अडुळसा

प्रिय चिऊ,

गेल्या मंगळवारी संध्याकाळी तू बागेच्या टोकाला, जिथे आपले गवत संपते आणि बर्च व हेझलची झाडी सुरू होते तिथे, वही मांडीवर घेऊन बसली होतीस. कुंपणाच्या आत आलेल्या ब्लूबेलचे एक फूल वहीत दाबून ठेवावे म्हणून तू हात पुढे केलास आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले, "आता नको गं, झाडं झोपली आहेत." तू हात मागे घेतलास, पण वळून विचारलेस, "आई, हे तुला खरं वाटतं, की मला थांबवायला सांगतेस?" मी फक्त "जेवायला चल" म्हणाले. तुझ्या आवाजात राग नव्हता, नुसते कुतूहल होते, आणि म्हणूनच तो प्रश्न मला लागला. चार दिवस तो डोक्यात घोळतो आहे. समोरासमोर सांगायला बसले तर मी एक तर उपदेश करीन, नाही तर विषय बदलीन, म्हणून लिहिते आहे.

हा नियम मला कोणी समजावून सांगितलेला नव्हता. सोलापुरात, मुरारजी पेठेतल्या आमच्या घराच्या मागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढे अंगण होते, आणि त्यात माईने, म्हणजे तुझ्या पणजीने, तुळस, तगर, तांबडी जास्वंद, अबोली, कढीपत्ता आणि भिंतीला टेकून अडुळसा लावला होता. नळाला पाणी रोज येत नसे. ज्या दिवशी येई त्या दिवशी घरातली सगळी भांडी भरली जात, आणि झाडांच्या वाट्याला तांदूळ धुतलेले, भाज्या धुतलेले, शेवटी हात धुतलेले पाणी येई. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जाई तेव्हा माई स्वतःच्या आंघोळीचे पाणीही मोरीतून वळवून जास्वंदीच्या आळ्यात सोडत असे. इथे ब्रिटनमध्ये तू नळी धरून उभी राहतेस आणि मला अजूनही दर वेळी "पुरे आता" म्हणावेसे वाटते, ते त्या अंगणामुळे. इतक्या ओढाताणीने जगवलेल्या झाडाचे पान कधी तोडावे आणि कधी तोडू नये याचे नियम असणे आम्हाला विचित्र वाटत नव्हते. सोमवारी सिद्धेश्वराला वाहायचा बेल रविवारीच आणून ठेवायचा, कारण सोमवारी बेलाला हात लावायचा नाही. आणि दिवेलागण झाली की कशालाच हात लावायचा नाही.

मला आठवते, एकदा रात्री अचानक पाहुणे आले आणि तुझ्या आजीने आमटीच्या फोडणीसाठी मला कढीपत्ता आणायला पिटाळले. माई अंगणाच्या उंबऱ्यावर बसली होती. तिने मला आत जाऊ दिले नाही. आजी आणि माई यांच्यात त्यावरून दोन शब्द झाले, पण आमटी कढीपत्त्याविना झाली. पाहुण्यांनी ती मागून घेतली, पण माझ्या मनात राहिला तो माईचा दारात आडवा धरलेला हात.

त्या काळी मी तुझ्यासारखीच होते, मलाही पुरावा हवा होता. माईने तो दाखवला. गल्लीच्या तोंडाशी एक चिंच होती. संध्याकाळी मला तिच्याखाली नेऊन तिने वर बोट केले. दिवसभर पसरलेली बारीक पाने जोडीजोडीने एकमेकींवर मिटलेली होती, आणि झाड दुपारपेक्षा बारीक, विरळ दिसत होते. "बघ," ती म्हणाली, "डोळे मिटले की नाही?" पुढे कॉलेजात कळले की चिंचेच्या पानाच्या देठाशी एक फुगीर सांधा असतो, त्यातल्या पेशींमध्ये पाणी कमीजास्त होते आणि त्यामुळे पाने उघडतात व मिटतात. हे कळल्यावर माझा विश्वास वाढला की उडाला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तगर आणि जास्वंद तर पाने मिटत नाहीत. मग त्यांना झोप कुठली?

मंगळवारच्या रात्री तू झोपल्यावर मी शोधत बसले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही संशोधकांनी फिनलंड आणि ऑस्ट्रियात एकेका बर्चच्या झाडावर रात्रभर लेझर फिरवून मोजमाप केले. सुमारे पाच मीटर उंचीच्या झाडाच्या फांद्या पहाटेपूर्वी दहा सेंटीमीटरपर्यंत खाली झुकल्या होत्या, आणि सकाळ झाल्यावर त्या पुन्हा वर आल्या. हे वाचून मला इतका आनंद झाला की तुला उठवून सांगावेसे वाटले. आपल्या कुंपणाशी जे झाड आहे तेच ते! पण मग वाटले, हे बरोबर नाही. माईने आयुष्यात बर्च पाहिला नव्हता आणि फांदी दहा सेंटीमीटर झुकते म्हणून तिने कढीपत्ता तोडू दिला नाही असे मुळीच नव्हते. तिचा नियम खरा ठरवण्यासाठी फिनलंडहून साक्षीदार आणणे म्हणजे तुला हरवण्यासाठी लबाडी करणे झाले असते. म्हणून ही गोष्ट तुला केवळ गंमत म्हणून सांगते आहे, पुरावा म्हणून नाही.

माईचे सगळेच नियम मी पाळले नाहीत, हेही तुला ठाऊक असले पाहिजे. महिन्याच्या त्या चार दिवसांत तुळशीजवळ जायचे नाही, सावली पडली तरी तुळस वाळते, असे ती तितक्याच ठामपणे सांगत असे. तेरा वर्षांची असताना मी एका दुपारी, सगळे झोपलेले पाहून, त्याच दिवसांत तुळशीला तांब्याभर पाणी घातले आणि पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी धडधडत्या छातीने तिच्याकडे पाहत राहिले. तुळस वाळली नाही. उलट तिला मंजिऱ्या आल्या. त्या दिवसापासून तो नियम माझ्यापुरता संपला, आणि तुझ्यापर्यंत तो कधी पोहोचू नये याची मी काळजी घेतली. तेव्हा तू मला उद्या असेही विचारू शकतेस की एकाच बाईचे दोन नियम, त्यातला एक खोटा म्हणून टाकलास, मग दुसरा कशाच्या जोरावर ठेवलास? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. एका नियमाने मला झाडापासून दूर लोटले आणि दुसऱ्याने झाडाजवळ थांबायला लावले, एवढाच फरक मला सांगता येतो. तो पुरेसा आहे की नाही, हे तू मोठी झाल्यावर ठरव.

दुसरा नियम मी का ठेवला याचे खरे कारण बहुधा एका रात्रीत आहे. शेजारच्या अक्का तेलुगू होत्या, दिवसभर विड्या वळत, आणि त्यांचा धाकटा मुलगा थंडीच्या दिवसांत खोकून खोकून बेजार होई. अशाच एका रात्री, वीज गेलेली असताना, त्या आमच्या दाराशी आल्या आणि अडुळशाची पाने मागितली. मी माईकडे पाहिले. मला वाटले, ती आता हात आडवा धरणार. माईने कंदील उचलला, मला बरोबर घेतले, अडुळशापाशी जाऊन कंदील खाली ठेवला, दोन्ही हात जोडले आणि अगदी हळू आवाजात, झोपलेल्या माणसाला उठवताना आपण बोलतो तशी, म्हणाली, "उठवते गं बाई तुला. लेकराला खोकला आहे." मग तिने मोजून पाच-सहा पाने घेतली, खोडावरून एकदा हात फिरवला आणि आम्ही आत आलो. त्या पानांनी पोराला किती गुण आला हे मला आठवत नाही. त्याला झोप लागेपर्यंत माई अक्कांकडे बसली होती, एवढे आठवते.

तुझ्या हायकूच्या, म्हणजे त्या तीन ओळींच्या जपानी कवितेच्या, वर्गात तुम्हाला त्या जपानी कवयित्रीची, अठराव्या शतकातल्या चियो-नीची, विहिरीची कविता शिकवली, ती तू मला वाचून दाखवली होतीस. पहाटे उमलणाऱ्या फुलांची वेल पोहऱ्याला वेढून बसली, म्हणून ती ओढून न काढता कवयित्रीने शेजाऱ्यांकडे पाणी मागितले. तू वाचत होतीस आणि माझ्या डोळ्यांसमोर माईचा आडवा हात होता. दूरच्या देशात, वेगळ्या भाषेत, तीनशे वर्षांपूर्वी कोणा बाईने झाडासाठी स्वतःची गैरसोय करून घेतली आणि त्याची कविता झाली, माईने तेच केले आणि त्याला आपण जुन्या बायकांचा समज म्हणतो, याचे मला थोडे वाईट वाटले. पण चियो-नीच्या शेजारी कोणाचे मूल खोकत नव्हते. माईला झाडही राखायचे होते आणि पानेही हवी होती, आणि तिने विचारून घेणे हा मार्ग काढला. इथल्या १९८१ च्या कायद्याप्रमाणे रानातले कोणतेही रोप जमीनमालकाच्या परवानगीशिवाय मुळासकट उपटता येत नाही. परवानगीवाचून घ्यायचे नाही, हे दोन्हीकडे सारखेच आहे. माई ती झाडाकडे मागत असे.

हायकूत ऋतूचा एक शब्द हवाच असतो, असे तू सांगितलेस, आणि जपानी कवी असे शब्द नोंदवलेले जाडजूड पुस्तक, साइजिकी, जवळ बाळगतात हेही. ते ऐकताना मला अण्णांचे पंचांग आठवले. दाते पंचांग तर आपल्या सोलापुरातूनच निघते. अण्णा त्यात मुहूर्त फारसे बघत नसत, पावसाची नक्षत्रे आणि त्यांची वाहने बघत. यंदा मृगाचे वाहन कोल्हा, आर्द्राचे उंदीर, असे ते मोठ्याने वाचत आणि आम्ही मुले बेडूक आणि म्हैस निघाली की टाळ्या पिटत असू, कारण त्यांच्यावर पाऊस भरपूर पडतो असे मानत. जूनमध्ये मृग लागे, पण आमच्याकडे मृग बहुतेक वेळा आशा लावून जाई. सोलापूरचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्तात, आणि त्याच ओलीवर काळ्या रानात ज्वारी पेरली जाई. रान म्हणजे आमच्याकडे शेत, हे तुला एकदा सांगायला हवे. इथे आल्यावर मी आत्याला फोनवर "घराला लागून रान आहे" असे कौतुकाने सांगितले, तेव्हा तिने विचारले, "काय पेरता?" झाडांनी भरलेले, कोणी काही न पेरलेले रान तिला दाखवायला माझ्याकडे शब्दच नव्हता. आमच्याकडची मोकळी जमीन म्हणजे माळ. अण्णा मला एकदा सोलापूरजवळ नान्नजला माळढोक दाखवायला घेऊन गेले होते. पक्षी दिसला नाही. गुडघाभर पिवळे गवत, काही काळवीट आणि दूरवर कुठेही झाड नाही. या पक्ष्याला अशीच उघडी जागा लागते, तिथे झाडे लावली तर तो निघून जाईल, असे अण्णा म्हणाले, आणि झाड न लावण्यातही काही जपलेले असते हे मला पहिल्यांदा समजले.

मृगाचा किडा, हुरडा, गड्ड्याची यात्रा, ही आमच्या घराची ऋतूंची यादी. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीवर तांबड्या मखमलीचा ठिपका चालू लागला की तो मृगाचा किडा. तो तळहातावर घ्यायचा, पाहायचा आणि पुन्हा मातीत सोडायचा. तुझ्या यादीत ब्लूबेल असेल, जी वरची पाने दाटण्याआधी घाईने फुलून घेते, आणि पानगळीतला तो ढीग असेल, जो आपण जाळीत साठवतो आणि ज्याची माती व्हायला दोन वर्षे लागतात. माझे शब्द तू तुझ्या तीन ओळींत घालावेस असा माझा हट्ट नाही. खरे सांगायचे तर थोडासा आहे, पण तू तो मनावर घेऊ नकोस.

मीही एक लिहून पाहिला. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी, आणि मराठी हायकूत अक्षरे मोजण्यापेक्षा यमकाकडे जास्त लक्ष असते, पण तुझ्या बाईंना आवडावे म्हणून मी पाच-सात-पाच अक्षरेही सांभाळली:

दिवेलागण
मिटली चिंचपाने
जागे अंगण

यात ऋतूचा शब्द नाही, दिवेलागण ही वेळ आहे, हे तू लगेच दाखवून देशील. ते बरोबर आहे. आणि इथे तर मे महिन्यात साडेआठलाही उजेड असतो, त्यामुळे दिवेलागण नेमकी केव्हा म्हणायची हेच मला मंगळवारी कळत नव्हते. मी घड्याळ पाहून ओरडले. झाडांकडे पाहिलेच नव्हते.

तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर: झाडे आपल्यासारखी झोपतात असे मला वाटत नाही. तुला थांबवण्यासाठीही मी ते म्हणाले नव्हते. माझ्या तोंडून माई बोलली, आणि ती बोलली याचा मला आनंद झाला. ब्लूबेलचे फूल तुला हवे असेल तर घे, सकाळी घे किंवा संध्याकाळी घे, मी दारातून ओरडणार नाही. कंद मात्र हलवू नकोस, बीपासून फूल यायला त्याला पाच-सहा वर्षे लागतात. आज रात्री आमटी करते आहे. खिडकीतल्या कुंडीतला कढीपत्ता मी दुपारीच तोडून ठेवला आहे.

तुझी,
आई