इंग्रजी कच्चं, तरी परराष्ट्र सेवा?

चोपडा तालुक्यातलं कापूस-केळीचं घर. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, सगळं शिक्षण मराठीतून, डोक्यात परराष्ट्र सेवा. तिला आमच्याकडे सल्ल्यासाठी घेऊन आलेल्या वडिलांची शंका एका वाक्याची होती: "तिले इंग्रजी कोठे येस?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जळगाव-धुळ्याकडच्या पालकांकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो, की सविस्तर उत्तर दिलेलं बरं.

या सेवेची वेगळी परीक्षा नसते. कलेक्टर ज्या यूपीएससी परीक्षेतून होतात, तीच. मुख्य परीक्षेतला निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषय मराठीत लिहिता येतात; मग मुलाखतही मराठीत देता येते. इंग्रजीचा पेपर 300 गुणांचा, पण नुसता पात्रतेचा. त्यात 25 टक्के, म्हणजे 75 गुण लागतात. गुणवत्ता यादी 2025 गुणांवर ठरते आणि त्यात या पेपरचा एकही गुण नसतो. मात्र 75 हुकले, तर बाकीचे पेपर धरलेच जात नाहीत.

गाडी अडते ती दुसरीकडेच. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत छापतात, मराठीत नाही. 'चिकित्सक परीक्षण करा' असं विचारलेलं असतं आणि मुलं वर्णन लिहून मोकळी होतात. पूर्वपरीक्षेत सीसॅटला, म्हणजे आकलन आणि तर्काच्या पात्रता पेपरला, 200 पैकी 66 गुण पुरतात, पण तिथले उतारे समजायला वेळ जातो. म्हणून या मुलीचा इंग्रजी संभाषणाचा क्लास थांबवला. त्या वेळात जुने प्रश्न इंग्रजीतून वाचून उत्तरं मराठीत लिहायची, आणि आठवड्याला एक सारांशलेखन.

निवडीनंतर मसुरीचा पायाभूत अभ्यासक्रम, मग दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत प्रशिक्षण. तिथे कामापुरती इंग्रजी सुधारतेच. शिवाय प्रत्येकाला एक परकी भाषा नेमून मिळते. अरबी, चिनी, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश अशी कुठलीही. थर्ड सेक्रेटरी, म्हणजे दूतावासातल्या सुरुवातीच्या पदावर, परदेशात राहून ती शिकायची आणि परीक्षा द्यायची. ती पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. पुढे सेकंड सेक्रेटरी, फर्स्ट सेक्रेटरी, कौन्सेलर आणि बऱ्याच वर्षांनी राजदूत. राष्ट्रकुल देशांत त्यालाच उच्चायुक्त म्हणतात. सुरुवातीचं काम मेजवान्यांचं कमी, हरवलेले पासपोर्ट, अडकलेले कामगार आणि व्यापाराच्या तक्रारींचं जास्त. रावेर-यावलची केळी आखातात जातात. तिथल्या खरेदीदाराशी वाद झाला, की निर्यातदार दूतावासाच्या वाणिज्य विभागाचं दार ठोठावतो. मुलाखतीत घरच्या पिकावर प्रश्न येऊ शकतो, हेही तिला सांगितलं.

आईची काळजी लग्नाची होती, आणि आमच्या मते ती इंग्रजीपेक्षा खरी. महिला अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची परवानगी लागायची, तो नियम आता नाही, परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मांनी त्याविरुद्ध दिलेला लढा 1979 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अडचण निराळी आहे. साधारण तीन वर्षांनी देश बदलतो, सोयीच्या ठिकाणानंतर खडतर ठिकाण येतं, मुलांच्या शाळा बदलतात. जोडीदाराला तिथे नोकरी करता येईल की नाही, हे त्या देशाच्या परवानगीवर असतं.

खरा निर्णय पसंतीक्रमाचा, म्हणजे कुठली सेवा आधी मागायची याचा. "भाऊ, आयएएस वर की परराष्ट्र सेवा वर, हे घरात बसून ठरवा," असं वडिलांना सांगितलं. कारण या दोन्हींपैकी एका सेवेत रुजू झालेल्याला, ती सेवा न सोडता, पुन्हा ही परीक्षा देता येत नाही. आयपीएस मिळालेल्यासारखं पुढच्या वर्षी नशीब अजमावता येत नाही. त्यात परराष्ट्र सेवेच्या जागा थोड्या, बहुतेक वर्षी 30-55च्या घरात. मुलगी परराष्ट्र सेवाच वर ठेवणार म्हणते, वडील अजून आयएएसवर अडून आहेत.

जोडीला एसएससीची (दहावी नव्हे, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) सीजीएल ही पदवीधरांची परीक्षा ठेवली आहे. तिच्यातून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येतं आणि दूतावासांत नेमणुकाही मिळतात. गंमत म्हणजे त्या परीक्षेत इंग्रजीचे गुण यादीत धरले जातात.