पणजीच्या माहेरचा पब कसा शोधायचा?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही बडोद्याचे, पिढ्यान्‌पिढ्या दांडिया बाजारात. माझे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर विलायतेला शिकायला गेले आणि १९१३ साली तिकडेच लग्न करून पणजीला घेऊन आले. पणजीच्या माहेरचे लोक ब्रायटनला समुद्राकाठी पब चालवायचे, एक नाही दोन-तीन, असं आजोबा सांगायचे. घरात यावर कोणी फार बोलत नसे, आत्या तर अजूनही म्हणते की दारूच्या दुकानाची चौकशी कशाला करायची. माझ्याकडे एक फोटो आहे, पबच्या दारात माणसं उभी आहेत, पाटीवर शेवटचं 'आर्म्स' तेवढं वाचता येतं. आणि पणजीच्या आईचं एक पत्र आहे, वर घरनंबर आणि रस्ता आहे पण तारखेचा कोपरा फाटलाय, त्यात लिहिलंय की पॅव्हिलियनमध्ये तुमच्याकडचे जखमी सैनिक आणलेत. नेटवर पबच्या नावाने शोधून थकले. सुरुवात कुठून करू? आणि त्यासाठी तिकडे जावंच लागेल का?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : आधी पबच्या नावाने शोधणं बंद करा. 'आर्म्स' नावाचे पब इंग्लंडात गल्लोगल्ली आहेत, नावं बदलतात, आणि मुख्य म्हणजे बहुतेक पब चालवणाऱ्याच्या मालकीचे नसायचेच, ते ब्रुअरीचे, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीचे असायचे, चालवणारा भाडेकरू, बिअर त्याच ब्रुअरीची घ्यायची अशी अट. म्हणून ही कुटुंबं दोन-चार वर्षांत एका पबमधून दुसऱ्यात जायची. आजोबा दोन-तीन म्हणत होते ते अगदी पटण्यासारखं आहे. तुम्ही माणसाच्या मागे जा, पब आपोआप सापडत जातील.

आणि तुमच्या हातात जे पत्र आहे ना, ते फार मोलाचं आहे. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या राजवाड्यात, पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल होतं, डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे फाटलेली तारीख याच वर्षा-सव्वावर्षातली. (ब्रायटनच्या हॉस्पिटलांत वारलेल्यांपैकी ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झालं, त्या जागी 'छत्री' नावाचं स्मारक आहे, १९२१ साली उघडलेलं. तुमच्या खापरपणजीने हे सगळं आपल्या गावात घडताना पाहिलं आणि लेकीला बडोद्याला कळवलं, हे मला वाचूनच भरून आलं.) आता साल कळलं, वर पत्ता आहे, तर त्या काळातल्या ब्रायटनच्या डिरेक्टऱ्या बघा, केलीज आणि पाईक्स. त्यात रस्त्यावार, घरनंबरवार नावं असतात, त्या नंबरला पब असेल तर कळेल आणि कोण चालवतंय तेही. लेस्टर युनिव्हर्सिटीने जुन्या डिरेक्टऱ्यांचा मोठा संग्रह नेटवर फुकट ठेवलाय. एक लक्षात ठेवा, नुसती बिअर विकणारं छोटं दुकान असेल तर बऱ्याचदा पबचं नाव छापतच नाहीत, माणसाचं नाव आणि पुढे 'बिअर रिटेलर' एवढंच. १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरून कोणीही करदाता असं बिअरचं लायसन्स घेऊ शकायचा, त्यामुळे राहत्या घराच्या पुढच्या खोलीत असली दुकानं खूप निघाली. 'लायसन्स्ड व्हिक्चुअलर' लिहिलं असेल तर मात्र व्हिस्की-ब्रँडीसारखी कडक दारूही विकणारा मोठा पब.

दुसरी गोष्ट, लग्नाचा दाखला मागवा. इंग्लंडच्या दाखल्यावर नवरा आणि नवरी दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा लिहिलेला असतो, म्हणजे खापरपणजोबा काय करत होते ते तिथे सरकारी कागदावर मिळेल, आणि वारले असतील तर बहुधा तेही. तुमचं नशीब असं की १९१२ पासून लग्नांच्या इंडेक्समध्ये जोडीदाराचं आडनावही छापायला लागले. पणजीच्या इंग्रजी आडनावाच्या शेकडो मुली निघतील, पण पुढे मराठी आडनाव असलेली एखादीच. फ्रीबीएमडी या साइटवर हा इंडेक्स फुकट बघता येतो. फक्त स्पेलिंग सैल ठेवा, क्लार्कने कानाला आलं तसं लिहिलंय, आणि कित्येकदा आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं नावच आडनाव समजून घातलेलं असतं, तेही टाकून बघा. इंडेक्सवर जिल्हा, व्हॉल्यूम आणि पान मिळालं की दाखला ऑनलाइन मागवता येतो, भारतात पोस्टाने येतो.

मग जनगणना. दर दहा वर्षांनी, पणजी मुलगी म्हणून १९०१ आणि १९११ मध्ये सापडायला हवी, आणि तोवर जन्मली असेल तर १८९१ मध्येही, घरातल्या सगळ्यांची नावं, वयं, जन्मगाव, धंदा, आणि पबमध्ये राहणाऱ्या बारमेड, पोऱ्या, भाडेकरू सगळे त्याच यादीत. १९११ चा फॉर्म तर कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला आहे, सहीसकट, म्हणजे खापरपणजोबांचं अक्षर तुम्हाला घरबसल्या दिसू शकतं! त्यात लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि किती वाचली हेसुद्धा विचारलंय. १९२१ ची गणना एप्रिलमध्ये व्हायची होती, पण कामगारांच्या संपाच्या गोंधळामुळे १९ जूनला झाली, तेव्हा समुद्राकाठच्या गावांत सीझन सुरू झालेला, त्यामुळे पबच्या खोल्यांत पाहुणे म्हणून आलेली परकी नावं दिसली तर त्यांना नातेवाईक समजू नका. १९३१ ची कागदपत्रं १९४२ मध्ये आगीत जळाली, १९४१ ची गणना युद्धामुळे झालीच नाही, म्हणून त्यापुढे १९३९ चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर सरकारने केलेली लोकांची नोंद, हाच आधार.

आता आत्यांचं. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. पबचं लायसन्स मॅजिस्ट्रेट दर वर्षी नव्याने द्यायचे, चालचलणूक बघून, पोलिसांची हरकत असेल तर ती ऐकून. १८७२ च्या कायद्यापासून त्याची रजिस्टरं ठेवलेली असतात, पबचं नाव, मालक, लायसन्सवाला, कोणाकडून कोणाकडे कधी गेलं, आणि कोणाला दंड झाला असेल तर तोही. आपण नाशिक-त्र्यंबकला उपाध्यायांच्या वहीत पिढ्या बघतो, तशीच ही वही समजा. ज्या घराने वर्षानुवर्षं लायसन्स टिकवलं ते घर त्या गावात चांगल्या नावाचं होतं, लपवण्यासारखं त्यात मला काही दिसत नाही. आणि बायकांची नावं मुद्दाम शोधा. नवरा वारला की लायसन्स विधवेच्या नावावर व्हायचं, एरवीसुद्धा नाव त्याचं आणि सकाळपासून रात्रीपर्यंत राबणारी ती, जनगणनेत मात्र तिच्या धंद्याचा रकाना कोरा. पत्र खापरपणजीचं आहे, खापरपणजोबांचा त्यात उल्लेख आहे का ते परत बघा, नसेल तर १९१६ च्या आधीचा मृत्यूचा दाखला शोधा.

लायसन्स एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याच्या बातम्या लोकल पेपरात यायच्या. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हवर शोधणं फुकट आहे, पान उघडायला पैसे पडतात. १९०४ च्या कायद्याने जादा वाटणारे पब नुकसानभरपाई देऊन बंद केले गेले, कुटुंब अचानक दुसऱ्या पबमध्ये दिसलं तर कारण ते असू शकतं.

फोटो चांगल्या स्कॅनरवर मोठा करा आणि मोठ्या पाटीकडे नाही, दाराच्या वरच्या चौकटीकडे बघा. लायसन्सवाल्याचं नाव आणि काय विकायची परवानगी आहे ते तिथे रंगवणं कायद्याने सक्तीचं होतं.

बडोद्यातलं कामही सोडू नका. संस्थानचं जुनं दफ्तर कोठीला सरकारी अभिलेखागारात आहे, पणजोबांच्या स्कॉलरशिपची फाइल निघाली तर विलायतेतला पत्ता मिळायची शक्यता आहे. इंग्लंडहून निघालेल्या बोटींच्या प्रवासी याद्या १८९० पासूनच्या आहेत, त्यात दोघांची नावं शेजारी शेजारी असतील.

तिकडे जायची आत्ता गरज नाही. लायसन्सची रजिस्टरं आणि ब्रुअरीचे कागद तेवढे नेटवर क्वचितच मिळतात. ब्रायटनचं दफ्तर 'द कीप' नावाच्या अभिलेखागारात आहे, त्यांचा कॅटलॉग ऑनलाइन आहे, तिथे रस्त्याच्या नावाने शोधा आणि नेमकं साल आणि पत्ता देऊन ईमेल करा. 'आमच्या पणज्यांबद्दल काय असेल ते सांगा' असं विचारलंत तर कोणी काही करू शकणार नाही. त्याआधी लग्नाचा दाखला मात्र हातात असू दे.